भूल देताना लागणारा ऑक्सिजन: सिलिंडरपासून रुग्णापर्यंतचा सुरक्षित प्रवास

ऑपरेशन ठरले की नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. भूल कोणती देणार? शुद्धीवर कधी येणार? खर्च किती येईल? ‘ऑक्सिजनची सोय कशी आहे?’ असे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे आपल्या शेजारच्या नाशिकमध्ये २१ एप्रिल २०२१ रोजी दिसले. डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. दाब कमी झाला, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. टाकी रुग्णालयाच्या आवारातच होती, पण ऑक्सिजन खाटेपर्यंत पोचला नाही. साठा असणे वेगळे आणि तो रुग्णाच्या फुफ्फुसापर्यंत अखंड पोचणे वेगळे. हा फरक समजून घेण्यासाठीच हा लेख.

कोणते वायू लागतात?

पूर्ण भूल देताना मुख्यतः तीन वायू वापरात असतात: ऑक्सिजन, नायट्रस ऑक्साइड (लाफिंग गॅस) आणि शुद्ध केलेली दाबाखालची हवा. यातला ऑक्सिजन कधीच थांबून चालत नाही. भुलेत रुग्णाचा श्वास मंदावतो किंवा औषध देऊन थांबवलेला असतो. अशा वेळी पुरवठा तुटला तर मेंदूला इजा होण्यास काही मिनिटे पुरतात.

गॅस येतो कुठून?

लहान रुग्णालयात सिलिंडर थेट भूल देण्याच्या मशीनला जोडतात. मध्यम रुग्णालयात एका वेगळ्या खोलीत मोठे सिलिंडर दोन रांगांमध्ये जोडलेले असतात. याला मॅनिफोल्ड म्हणतात. एक रांग चालू आणि दुसरी राखीव असते. मोठ्या रुग्णालयात उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रव होणाऱ्या ऑक्सिजनची टाकी असते. एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू तयार होतो, म्हणून कमी जागेत मोठा साठा मावतो.

भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५० बार दाब असतो. पाइपलाइनमध्ये तो सुमारे ४ बारवर आणला जातो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार दाब असतो, हे लक्षात घेतले की सिलिंडर जपून का हाताळायचा ते कळते. सिलिंडर पडून त्याचा व्हॉल्व्ह तुटला तर तो रॉकेटसारखा सुटू शकतो. म्हणून मोठे सिलिंडर नेहमी उभे आणि साखळीने बांधलेले हवेत, आणि ते जमिनीवर लोळवत न नेता ट्रॉलीवरून न्यावेत.

काटा काय सांगतो?

ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा खरे सांगतो. दाब निम्मा झाला म्हणजे गॅस निम्मा उरला. हिशेबही सोपा आहे. लहान ‘बी’ सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर गॅस असतो. मिनिटाला ५ लिटर या वेगाने तो ५ तास पुरतो. मोठ्या ‘जंबो’ सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर असतो. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो साडेअकरा तासांच्या आसपास चालतो. प्रत्यक्षात काटा शून्यावर येण्याच्या बराच आधी सिलिंडर बदलावा लागतो.

नायट्रस ऑक्साइडचे तसे नाही. तो सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. आतला द्रव संपेपर्यंत काटा जवळजवळ हलत नाही आणि मग झपाट्याने खाली येतो. म्हणून काट्यावर न विसंबता सिलिंडर वजन करून तपासतात.

साठवणूक आणि आगीचा धोका

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसरी वस्तू जळण्यास जोरदार मदत करतो. साध्या हवेत धुमसणारे कापड ऑक्सिजनने भरलेल्या हवेत भडकते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्णांचा मृत्यू झाला. जिथे खाटेखाटेवर ऑक्सिजन चालू असतो, तिथे विजेच्या जोडण्यांची तपासणी ही गॅसच्या सुरक्षिततेइतकीच महत्त्वाची असते.

साठवणुकीचे मुख्य नियम असे:

- खोली हवेशीर, कोरडी आणि सावलीत असावी. नगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात सिलिंडर उघड्यावर ठेवू नयेत.
- भरलेले आणि रिकामे सिलिंडर वेगवेगळे ठेवावेत व त्यांवर तशी पाटी लावावी.
- त्याच खोलीत डिझेल, स्पिरिट, सॅनिटायझर, पुठ्ठे किंवा जुन्या गाद्या ठेवू नयेत.
- व्हॉल्व्हला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लावू नयेत.
- व्हॉल्व्ह हळू उघडावा. सायकलला पंपाने हवा भरताना पंप तापतो. तसाच, पण कितीतरी जास्त, दाब एकदम वाढल्याने रेग्युलेटर आतून तापतो आणि तिथे तेलाचा अंश असेल तर पेट घेऊ शकतो.

सिलिंडर बदलण्याचे काम बहुतेक ठिकाणी वॉर्डातले मामा करतात. त्यांना या गोष्टी नुसत्या सांगून भागत नाही, त्यामागचे कारण समजावून द्यावे लागते.

चुकीचा गॅस गेला तर?

भारतात वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांद्याशी पांढरा असतो, तर नायट्रस ऑक्साइडचा निळा असतो. रंग उडतो, म्हणून लेबल वाचणे आवश्यकच. शिवाय मशीनवरच्या लहान सिलिंडरच्या जोडणीत प्रत्येक गॅससाठी पिनांची जागा वेगळी असते. त्यामुळे एका गॅसचा सिलिंडर दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

पण भिंतीमागच्या पाइपांचीच अदलाबदल झाली असेल तर? ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम रुग्णालयात ऑक्सिजनच्या जागेतून नायट्रस ऑक्साइड येत होता. २०१६ मध्ये त्यामुळे एक नवजात बाळ दगावले आणि दुसऱ्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. म्हणून नवीन पाइपलाइन किंवा दुरुस्तीनंतर प्रत्येक जागेतून नेमका कोणता गॅस येतो, हे उपकरणाने मोजूनच ती वापरात घ्यावी. भुलेच्या मशीनवरचा ऑक्सिजन ॲनालायझर हा शेवटचा पहारेकरी असतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर उशिरा सांगतो, कारण रक्तातला ऑक्सिजन कमी झाल्यावरच त्यावरचा आकडा घसरतो.

पुरवठा अचानक बंद पडला तर?

प्रत्येक भूल मशीनवर भरलेला राखीव सिलिंडर, तो उघडण्याची चावी आणि हाताने श्वास देण्याची अंबू बॅग असायलाच हवी. अंबू बॅगेने साध्या हवेवरही श्वास चालू ठेवता येतो. ही तपासणी दर ऑपरेशनच्या यादीआधी व्हावी. अलार्म वाजल्यावर चावी शोधायला वेळ नसतो.

घरी ऑक्सिजन वापरत असाल तर

- खोलीत देवघराचा दिवा, उदबत्ती, गॅसची शेगडी, विडी-सिगारेट नको. रुग्णाच्या कपड्यांत व अंथरुणातही ऑक्सिजन साठतो.
- ओठ कोरडे पडल्यास व्हॅसलिन किंवा तेल लावू नका. पाण्यावर आधारित मलम वापरा.
- वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर कधीही आणू नका. वैद्यकीय ऑक्सिजन हे कायद्याने औषध आहे. परवानाधारकाकडूनच घ्या.
- ऑक्सिजनचा वेग स्वतःच्या मनाने वाढवू नका. सीओपीडीच्या रुग्णाला जास्त ऑक्सिजनही घातक ठरू शकतो.

ऑपरेशनआधी काय विचाराल?

डॉक्टरांना संकोच न करता तीन गोष्टी विचारा: राखीव ऑक्सिजन आहे का? वीज गेली तर काय सोय आहे? भूलतज्ज्ञ ऑपरेशन संपेपर्यंत हजर असतील ना? असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. ज्या रुग्णालयात या गोष्टी रोज तपासल्या जातात, तिथे उत्तर लगेच मिळते.