पेटी दुरुस्त करून मिळेल काय?

वाद्य विकत घेणे आज पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. मोबाइलवर चार वेळा बोट टेकवले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हार्मोनियम खोक्यात बसून थेट चौथ्या मजल्यावर येते. दुपारी एक ते चार दुकान बंद असण्याची भीती नाही आणि 'घ्यायची असेल तरच काढून दाखवतो' हे खास पुणेरी स्वागतही नाही. मग तक्रार कशाबद्दल? तक्रार एवढीच, की पहिल्याच पावसाळ्यात त्या पेटीची एखादी पट्टी दाबली की वर येईनाशी होते, भाता सुस्कारे टाकू लागतो आणि घरात प्रश्न उभा राहतो, 'ही आता न्यायची कुठे?' खोके पाठवणाऱ्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते. ते ज्यांच्याकडे असायचे, ती दुकाने आपल्या गावातून एकेक करून उठत चालली आहेत.

लक्ष्मी रस्ता आणि त्याच्या अंगाखांद्यावरच्या पेठांत वाढलेल्या माणसाला या दुकानाचे वर्णन सांगायला नको. दहा बाय बाराची जागा. भिंतीला टेकून गवसणीत झोपलेले तंबोरे, फळीवर डग्गे आणि मागच्या अंगाला एक बैठक, जिथे कोणीतरी मान खाली घालून सतत काहीतरी ठोकत असते. विक्री पुढच्या फळीवर होई, पण दुकान चाले ते या मागच्या बैठकीवर. तबल्याची पुडी बदलायची, वादी आवळायची, तंबोऱ्याची जवारी लावून घ्यायची, पेटीचा बसलेला सूर उठवायचा, ही सगळी कामे तिथे व्हायची.

पुण्यात अशी दुकाने फोफावली त्याला कारणही तसेच होते. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली भारत गायन समाज सुरू केला. १९१३मध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथे आर्य संगीत विद्यालय काढले. १९३२ साली विनायकबुवा पटवर्धनांचे गांधर्व महाविद्यालय आले आणि १९५३पासून भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव आरंभला. शिवाय नाटक कंपन्या होत्या, कीर्तने होती, भजनी मंडळे होती. या साऱ्यांना वाद्ये लागत आणि ती सुरात ठेवणारे हातही लागत. करीम खाँसाहेब तर स्वतःच वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. एवढ्या मोठ्या गवयाला हत्यार हाती धरण्यात कमीपणा वाटला नाही, कारण वाद्य बिघडले की गाणे बिघडते, हे त्यांना कळत होते.

त्यांनी घर केले ते मिरजेत, आणि तंबोऱ्याची वाटही मिरजेलाच जाते. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतली माणसे तिथे वाद्यांकडे वळली. तलवारींचे दिवस सरले होते, पण हातातली कला शिल्लक होती. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले कडू भोपळे आणायचे, महिनोन्‌महिने वाळवायचे, त्यावर तूनच्या लाकडाचा दांडा बसवायचा, असा हा सबुरीचा व्यवसाय. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण तंबोरा मिरजेहून पुण्याला आल्यावर त्याची जवारी दर काही महिन्यांनी नीट करणारा माणूस पेठेत नसेल, तर ते मानांकन भिंतीला टेकून गप्पच उभे राहणार.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. छोट्या धंद्यांच्या कर्जांचे कागद माझ्या टेबलावरून जात. वाद्यांच्या एका दुकानदाराने एकदा मालाचे पत्रक भरून आणले. त्यात दोन तंबोरे, पाच पेट्या, सात तबले, काही सुटे सामान, इतकेच. मी म्हटले, 'अहो, एवढ्या मालावर एवढे कर्ज कसे बसवायचे?' ते शांतपणे म्हणाले, 'साहेब, माझा माल रोज संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी परत जातो.' दुरुस्तीसाठी आलेली वाद्ये त्यांच्या मालकीची नव्हती आणि हातातली विद्या कुठल्या रकान्यात भरायची, हे बँकेच्या नमुन्यात छापलेले नव्हते. कर्ज मिळाले, वेळेवर फिटलेही. पण ते वाक्य डोक्यात राहिले. आजही अशा दुकानाची किंमत करताना आपण फळीवरचा माल मोजतो आणि म्हणूनच ते बंद झाल्यावर काय गेले, ते आपल्याला कळत नाही.

ती विद्या काय असते, हे तबल्याची शाई पाहिली तरी कळावे. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचा लेप बकऱ्याच्या कातड्यावर थरावर थर द्यायचा आणि प्रत्येक थर दगडाने घोटत राहायचा. एक थर जाड पडला, तर सूर बसतो. हे पुस्तकात वाचून जमत नाही. शेजारी बसून, शिव्या खात, वर्षानुवर्षे शिकावे लागते. दुकान मिटले, की ही शाळाही मिटते.

कारणे उघड आहेत. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. आता तो मोबाइलमध्ये फुकट वाजतो. प्रवासात, रियाजाला त्याची सोय मोठी आहे. त्याला नावे ठेवणारा मी नव्हे. दुसरे कारण जागेचे. त्या दहा बाय बाराच्या गाळ्याला आज मोबाइलची कव्हरे विकणारा जे भाडे देतो, ते पुडी चढवून निघत नाही. तिसरे कारण मुले. कारागिराचा मुलगा हिंजवडीला जातो आणि बापालाही त्याचे समाधानच वाटते. हे दुखणे आपलेच आहे असेही नाही. अमेरिकेत १९२४ साली सुरू झालेली सॅम ॲश ही वाद्यांच्या दुकानांची प्रसिद्ध साखळी बरोबर शंभर वर्षांनी, २०२४मध्ये बंद पडली.

कोणी म्हणेल, पुण्यात ढोलवाल्यांची तर चलती आहे! आहेच. गणपतीच्या आधी दोन महिने त्यांना बोलायला फुरसत नसते. पण ढोलाला आता बहुधा प्लॅस्टिकचे पान असते. फाटले, की नवे चढवायचे. जवारीचा कान त्यातून तयार होत नाही.

या दुकानांची आणखी एक कामगिरी होती. आई-वडील मुलीला घेऊन तबला घ्यायला आले, की जाणता दुकानदार विचारी, 'गाण्याच्या साथीला हवा की नुसता शिकायला? पट्टी कुठली?' उत्तर आले नाही, तर म्हणे, 'बाळ, जरा सा लाव बघू.' मग तिच्या आवाजाला जुळेल असा, बहुतेक वेळा स्वस्तातला, तबला काढून देई आणि वर सांगे, 'वर्षभर टिकली, तर मग चांगला घ्या.' शिक्षकाचा पत्ताही तिथेच मिळे. माझ्या शेजारच्या मुलाचा तबला उतरला, तो महिनाभर कोणाकडून चढवून मिळाला नाही. बेसूर वाद्यावर हात बसेना, मूल कंटाळले. संगीत सोडणारी मुले अशीच सोडतात.

१९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केले, ते थोडेसे किलकिले झाले १९७१ साली. मधली तीस वर्षे पेटी तगली ती नाट्यगीतांत, भजनांत आणि घराघरांतल्या दिवाणखान्यांत, आणि तिचे सूर नीट ठेवणाऱ्या या माणसांमुळे. सरकारी कृपेवाचून जे तीस वर्षे टिकले, ते आपल्या आळसाने जाऊ नये.

तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी असेल, आजोबांची किंवा आत्याच्या लग्नाआधीची. ती खाली काढा. पेठेतला उरलेला एखादा कारागीर शोधून त्याच्याकडे न्या आणि मजुरी सांगेल ती द्या. साडीच्या दुकानात आपण घासाघीस करत नाही, मग इथेच का? गाण्याच्या वर्गांनी आपली वाद्ये वर्षातून दोनदा ठरलेल्या कारागिराकडे दिली, तरी एका माणसाचे पोट भरेल आणि त्याच्या शेजारी एखादे शिकाऊ पोर बसेल. तेवढे झाले, तरी 'पेटी दुरुस्त करून मिळेल काय?' या प्रश्नाला आणखी वीस वर्षे 'ठेवून जा, गुरुवारी या' असे उत्तर मिळत राहील.