सुकाणूतलं तेल

बोटीच्या हायड्रॉलिक स्टीअरिंगमधलं तेल खर्च होत नाही. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, डिझेल तर जाळण्यासाठीच भरतात. सुकाणूचं तेल मात्र बंद वाटेने नुसतं फिरत राहतं. त्याची पातळी वरचेवर उतरत असेल, तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, दुसरा अर्थच नाही. तरीही चाकाजवळ तेलाचा डबा कायमचा ठेवून ‘अधूनमधून थोडं घालावं लागतं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ही सवय धोक्याची आहे.

यंत्रणा समजायला सोपी. छोट्या बोटीत चाकाच्या मागेच पंप असतो. चाक फिरवलं की तेल एका पाईपने मागे जाऊन सिलिंडरच्या एका बाजूला शिरतं, पिस्टन सरकतो, त्याला जोडलेलं सुकाणू वळतं आणि पलीकडचं तेल दुसऱ्या पाईपने परत येतं. दोन सिरिंज नळीने जोडून एक दाबली की दुसरीचा दट्ट्या सरकतो, तसंच. बोट मोठी झाली की हाताचं बळ पुरत नाही. मग इंजिनच्या पट्ट्यावर किंवा मोटरवर चालणारा पंप दाब देतो आणि चाकाकडे फक्त झडप उघडण्याचं काम उरतं. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजावर 1867 च्या सुमारास जॉन मॅकफार्लेन ग्रे यांचं स्टीअरिंग इंजिन बसलं, ते वाफेचं होतं. चाक जेवढं फिरवलं तेवढंच सुकाणू वळून थांबावं, ही करामत त्यातही होती. वाफेची जागा तेलाने नंतर घेतली.

गळती शोधायची तर आधी सगळं कोरडं पुसून घ्यावं. मग एकाने चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन मागे बसायचं. सिलिंडरचा चकचकीत रॉड बाहेर येताना त्यावर तेलाचा पट्टा दिसला तर सील गेलं. पण इथेच घाई नडते. रॉडवरून नख फिरवून पाहा. खाऱ्या पाण्याने क्रोम खाल्लेलं असेल तर नख बारीक खड्ड्यांत अडकतं. अशा रॉडवर नवं सील घातलं, तर तेच खड्डे त्याला पुन्हा फाडतात. तेव्हा रॉड किंवा अख्खा सिलिंडरच बदलावा. रॉडचे पैसे वाचवायला जाऊन पुढे खर्च वाढतो. पाईप सहसा धातूच्या टोकाशी, जिथे रबर आवळलेलं असतं तिथे पाझरतो. एक पाईप गेला असेल तर तितक्याच वयाचा दुसराही बदलून टाकावा.

सगळ्यात फसवी गळती आतली. बाहेर थेंब नाही, पातळीही जागेवर, पण चाक टोकाला नेऊन दाबून धरलं तरी हळूहळू पुढे सरकत राहतं. तेल पिस्टनच्या सीलवरून किंवा कचरा अडकलेल्या झडपेतून पलीकडे निसटत असतं.

दुरुस्ती झाली तरी काम संपत नाही. पाईपांत शिरलेली हवा काढावी लागते. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून हवा राहिली की चाक फिरतं आणि सुकाणू मागाहून सुस्तपणे वळतं. सिलिंडरचा निपल सैल करून, वरून तेल घालत, बुडबुडे थांबेपर्यंत चाक फिरवायचं. तेल उत्पादकाने सांगितलेलंच हवं. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, ते आतली सीलं फुगवून निकामी करतं.

गळतीची किंमत किती मोठी असू शकते, हे 16 मार्च 1978 ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याने पाहिलं. ‘अमोको कादिझ’ हे तेलवाहू जहाज खवळलेल्या समुद्रात होतं. सकाळी स्टीअरिंगच्या पाईपजोडाचे बोल्ट तुटले, हायड्रॉलिक तेल वाहून गेलं आणि सुकाणू मोकळं सुटून लाटांबरोबर आपटू लागलं. दुरुस्तीचे प्रयत्न फसले, ओढून नेणाऱ्या टगचा दोर तुटला आणि रात्री जहाज पोर्सालच्या खडकांवर चढलं. त्यातलं दोन लाख वीस हजार टनांच्या आसपास कच्चं तेल समुद्रात गेलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. नव्या मोठ्या तेलवाहू जहाजांत स्टीअरिंगची एक बाजू निकामी झाली, तर 45 सेकंदांच्या आत ताबा परत मिळालाच पाहिजे.

मासेमारीच्या बोटीला अशी दुहेरी व्यवस्था बहुधा नसते. तिच्यावर तांडेल आणि खलाशी असतात, आणि सुकाणू गेलं की बोट लाटांना आडवी होते. म्हणून कोकणातल्या बोटमालकांना विनंती आहे : पावसाळ्याच्या बंदीत बोट वर ओढली की रंगाचा डबा उघडण्याआधी सिलिंडरचा रॉड पुसून पाहा, पाईपांची टोकं चाचपा. शिवाय चाक निकामी झालं तर सुकाणूला थेट लावायचा लोखंडी दांडा बोटीवर आहे ना आणि तो नीट बसतो ना, हे किनाऱ्यावर असतानाच एकदा लावून बघा.