एका कार्डाची वाट

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांचे आई-बाबा रोज लोकलने कामाला जातात? आमच्या दिव्यात हा प्रश्न वर्गात विचारला, की सगळेच हात वर होतात! दिवा म्हणजे जंक्शन. एक रूळ वसईला, एक पनवेलला, आणि मधून मुंबई-कल्याणच्या गाड्या धडधडत जातात. संध्याकाळी गाडीला उशीर झाला, की घरोघरी डोळे दाराकडे लागतात.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, वीज गेलेली, फोन मुके. बाबा भायखळ्याला कामाला होते. ते रात्री आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. आई बाबांच्या ताटावर ताट झाकून बसून राहिली. रुळांवरून चालत येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "भाऊ, कुठून आलात? आमचे हे दिसले का हो?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले, चिखलाने माखलेले. दादरला एका चाळीतल्या लोकांनी त्यांना ठेवून घेतलं होतं, खिचडीही खाऊ घातली होती. आई रागावली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "दादरला आहात एवढं कळलं असतं, तरी मी झोपले असते."

दोनच रात्री! पण आईचं ते वाक्य मी विसरले नाही. आज तुम्हाला जिची गोष्ट सांगणार आहे, तिने अशी वाट दोन रात्री नाही, पन्नासहून जास्त वर्षं पाहिली आहे.

तिचं नाव दमयंती तांबे. माहेरच्या सुभेदार. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हवाई दलात लढाऊ वैमानिक होते.

वैमानिक होणं सोपं नसतं बरं का! आज पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षं काढायची, मग हैदराबादजवळच्या दुंडिगलला विमान उडवायला शिकायचं. घर सुटतं. आईच्या हातचं जेवण सुटतं. ज्याच्याशी किंवा जिच्याशी पुढे संसार करायचा, त्या व्यक्तीची भेटही सुट्टीतच. आज निदान फोन तरी आहे. त्या काळी सगळी भिस्त पोस्टमनवर! शिक्षण संपलं तरी ताटातूट संपत नाही. हुकूम आला, की निघायचं.

३ डिसेंबर १९७१. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं. विजय आणि दमयंती यांच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. ५ डिसेंबरला विजय तांबे सुखोई-७ विमान घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करायला गेले. तिथे त्यांचं विमान पाडलं गेलं. ते परत आले नाहीत.

मग काय झालं? इथूनच खरी गोष्ट सुरू होते. त्याच दिवशी ढाक्याच्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर' या इंग्रजी वर्तमानपत्रात बातमी छापून आली, की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले आहेत. त्यात एक नाव होतं 'फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे'. टॉम्बे! परक्या माणसाने ऐकून लिहिलेलं 'तांबे' असंच दिसेल, नाही का? म्हणजे ते जिवंत होते? दमयंतीताईंच्या मनात आशेची पणती पेटली ती तिथे.

आता तुम्हाला एक नियम सांगते. युद्धालाही नियम असतात हं! जिनिव्हा नावाच्या शहरात १९४९ साली देशांनी मिळून एक करार केला. पकडलेल्या सैनिकाला मारायचं नाही, छळायचं नाही. त्याने फक्त आपलं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर सांगायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, छावणीत पोचल्यावर एका आठवड्याच्या आत त्याला घरी एक कार्ड लिहू द्यायचं. 'मी कैदेत आहे, माझी तब्येत अशी आहे, माझा पत्ता हा.' बस, एवढंच. पुढेही दर महिन्याला निदान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहायची मुभा द्यायची. हा करार भारताने मान्य केला आहे, पाकिस्ताननेही.

एवढ्याशा कार्डाचा नियम मोठमोठ्या लोकांनी बसून का केला असेल? माझ्या आईचं वाक्य आठवा, म्हणजे कळेल.

त्याच युद्धात आपले आणखी एक मराठी वैमानिक पकडले गेले होते, फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. १० डिसेंबरला त्यांचं विमान पडलं. रावळपिंडीच्या छावणीत त्यांना ठेवलं होतं. ऑगस्ट १९७२ मध्ये परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी कैदखान्याच्या भिंतीला भोक पाडलं आणि रात्री पसार झाले! बसने पेशावर, पुढे जमरूद, मग लंडी कोतल. अफगाणिस्तानची हद्द आता फक्त चार-पाच मैलांवर. तिथे त्यांनी लंडी खाना या ठिकाणी जायचा रस्ता विचारला आणि घात झाला. लंडी खाना हे जुन्या नकाशातलं रेल्वे स्टेशन. ते १९३२ सालीच बंद पडलेलं! हे नाव विचारणारे कोण, असा लोकांना संशय आला आणि तिघेही पुन्हा पकडले गेले. रेल्वेच्या गावात राहणाऱ्या मुलांनो, बघा, एका बंद स्टेशनाने काय केलं ते!

पण ते घरी आले. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सीमेवर कैद्यांची अदलाबदल झाली. परुळकर आणि त्यांचे सोबती चालत भारतात आले. (२०२५ साली परुळकरांचं निधन झालं.) त्या परत आलेल्यांत विजय तांबे मात्र नव्हते.

भारताच्या ताब्यात त्या वेळी सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते. १९७४ पर्यंत तेही आपापल्या घरी गेले. त्यांच्याही आया, बायका, मुलं वाट पाहत होतीच की! वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी सीमेच्या दोन्हीकडे सारखंच खारट असतं.

दमयंतीताईंनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात खेळ विभागात नोकरी केली, विद्यार्थ्यांना खेळाकडे वळवलं. पुन्हा लग्न केलं नाही. सरकारकडे अर्ज केले, मंत्र्यांना भेटल्या. बेपत्ता झालेल्यांची यादी झाली, त्यात ५४ नावं. म्हणून त्यांना 'बेपत्ता ५४' म्हणतात. आमच्या ताब्यात कोणी नाही, असं पाकिस्तान सांगत आलं आहे. २००७ साली या सैनिकांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहायला नेलं. त्यांत दमयंतीताईही होत्या. कोणाचंच माणूस सापडलं नाही. विजय तांबे यांचं पुढे काय झालं, हे आजही कोणी खात्रीने सांगू शकलेलं नाही.

मी ही गोष्ट चौथीच्या वर्गात सांगितली, तेव्हा सगळे चिडीचूप. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, त्यांनी एक कार्ड तरी पाठवायला हवं होतं ना?"

काय उत्तर देणार? मी म्हटलं, "हो गं. पाठवू द्यायला हवं होतं."

शूरांच्या गोष्टी सांगताना आपण विमानं मोजतो, पदकं मोजतो. ती मोजायलाच हवीत. पण मागे घरात बसून कोणी किती रात्री मोजल्या, हेही विचारत जा. तुमच्या गावात, चाळीत, एखाद्या घरी कोणी सैन्यात असेल, तर त्या घरच्या आजींशी जाऊन बोला. पत्रं जपून ठेवली असतील, तर विचारून पाहा. आनंदाने दाखवतील.

आणि एक काम आजपासूनच करा. शाळेतून, क्लासमधून, मित्राच्या घरून निघायला उशीर होणार असेल, तर घरी कळवा. "येतोय, काळजी करू नकोस" हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाची किंमत किती असते, हे दमयंतीताईंना विचारा.

आमच्या घरी आजही गाड्या रखडल्या, की बाबा आधी फोन करतात. आई "बरं" म्हणते आणि शांतपणे भाकरी थापायला बसते.