एरंडाचे गुऱ्हाळ

आखाडा बाळापूरला लहानपणी आजी नाक दाबून एरंडेल पाजायची. पोटात त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटते आणि आतडी हलतात, हे पुढे रसायनशास्त्र शिकताना कळले. या तेलातील जवळजवळ ९० टक्के मेदाम्ल तेच. १८ कार्बनांच्या साखळीत १२व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो. म्हणून एरंडेल दाट असते, पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या इंजिनांना हेच वंगण होते. आज त्यापासून ग्रीस आणि नायलॉन-११ बनते. गुजरातने एरंडाचे नगदी पीक केले. आमच्या बांधावर तो जळणाला जातो. निरर्थक बडबडीला ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणणाऱ्या आपण एकदा त्याच्या बिया घाण्याला लावून पाहायला हव्यात.