जलविहाराच्या मोटारबोटीची नियमित तपासणी

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्या मधून वाहणारी जाम नदी पुढे कन्हान नदीस मिळते. पावसाळा सरल्यावर तिच्या पात्रात मोटारबोट चालेल इतके पाणी राहत नाही. त्यामुळे या परिसरातील विद्यार्थ्यांना व कुटुंबांना मोटारबोटीचा परिचय होतो तो बहुधा सहलीच्या निमित्ताने, रामटेकजवळील खिंडसी तलावासारख्या ठिकाणी. अशा वेळी नौका सुस्थितीत आहे किंवा नाही, हे ओळखण्याची माहिती शिक्षकांना व पालकांनाही असणे अगत्याचे आहे.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदरा येथील हरणी तलावात सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने नौका उलटून ६ जणांचा अंत झाला. वाऱ्यावर कोणाचे नियंत्रण नसते. परंतु भर पाण्यात इंजिन बंद पडले, तर नौका लाटांना आडवी होते व वाऱ्याच्या स्वाधीन जाते. हा धोका काठावरच टाळता येतो.

दररोज नौका पाण्यात सोडण्यापूर्वी तिचा तळ पाहावा. फायबरच्या तळाला तडा गेला असल्यास त्यातून पाणी शिरते व नौका जड होते. पाणी काढून टाकण्याच्या छिद्राचे बूच घट्ट बसलेले असावे. साचलेले पाणी उपसणारा पंप चालवून पाहावा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते व एका ठिणगीने पेट घेते. म्हणून टाकी भरताना नौकेत प्रवासी नसावेत, इंजिन बंद असावे आणि वास येत नाही याची खात्री केल्यावरच ते सुरू करावे. इंधनाच्या रबरी नळीला चिरा पडल्या असतील, तर ती तत्काळ बदलावी.

नौकेच्या मागे बसविलेले इंजिन तलावाचेच पाणी आत ओढून थंड राहते. इंजिन सुरू होताच त्याच्या बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडते. धार क्षीण असेल किंवा नसेलच, तर पाणी आत घेणाऱ्या जाळीत गाळ, शेवाळ अथवा प्लास्टिक अडकले आहे, किंवा पंपातील रबरी चक्र झिजले आहे, असे समजावे. अशा स्थितीत इंजिन चालू ठेवल्यास ते तापून निकामी होते. पाण्याबाहेर इंजिन कोरडे चालविल्यानेही हे चक्र थोड्याच वेळात खराब होते.

पंख्याची पाती वाकलेली नसावीत. पंख्यामागे मासेमारीचा नायलॉन दोरा गुंडाळला गेला, तर तो तेल अडविणारी रबरी कडी कापतो व गिअरमध्ये पाणी शिरते. काढलेले तेल दुधासारखे पांढुरके दिसणे, ही त्याची खूण होय. गिअरचे तेल उत्पादकाने सांगितलेल्या तासांनंतर बदलावे व त्याची नोंद वहीत करावी.

सुकाणूची तार अडकत नाही ना, बॅटरीची टोके स्वच्छ व घट्ट आहेत ना, हेही पाहावे. इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी चालकाने अंगाशी जोडलेली असावी. तो पाण्यात पडल्यास ती निसटून इंजिन थांबते. इंजिन दगा देईल या तयारीने वल्ही, नांगर व दोर नौकेत असावेत. प्रत्येक प्रवाशाने जीवरक्षक जाकीट अंगावर घालून त्याचे बंद आवळावेत. ते आसनाखाली ठेवल्याने उपयोग होत नाही.

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यंत्रचलित जलयानांची नोंदणी व सर्वेक्षण यांची तरतूद आहे. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ही प्रमाणपत्रे पाहावीत, प्रवासीसंख्येची मर्यादा विचारावी व त्याहून एकही विद्यार्थी अधिक बसवू देऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर पाण्याची धार पडते किंवा नाही, हे काठावर उभ्या असलेल्या कोणासही दिसते. ती पडत नसेल, तर नौकेत न बसणे हेच श्रेयस्कर.