राहात्याच्या पाटात येणारे पाणी

नाशिक शहराचे सांडपाणी आणि राहात्याची पेरूची बाग यांचा संबंध वरवर दूरचा भासला, तरी नाशिकच्या खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी गोदावरीचे जे पाणी उजव्या कालव्यात वळते, तेच पुढे राहाता तालुक्यातील शेतांस मिळते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा विषय आपल्या दारचाच ठरतो.

मैलापाणी नदीत पडले की त्यातील सेंद्रिय द्रव्य जीवाणू खाऊ लागतात आणि त्या कामी पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. २५ अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यातही हा वायू लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅमच मावतो, म्हणून मासे गुदमरण्यास फार अवधी लागत नाही. शुद्धीकरण केंद्रात हेच भक्षणकार्य नदीऐवजी हौदात उरकून घेतात: जाळीने चिंध्या व प्लास्टिक अडवून, रेती बसू देऊन, मग हवा फुंकून तपकिरी, दाट गाळातील जीवाणूंस पोसतात, आणि गाळ तळाशी बसल्यावर वरचे निवळ पाणी क्लोरीन देऊन सोडतात. बसलेल्या गाळाचा काही अंश पुन्हा हौदात परतवावा, ही १९१४ साली मँचेस्टर येथे मांडली गेलेली युक्ती या पद्धतीचा प्राण होय.

सेंद्रिय भार उतरला तरी नत्र व स्फुरद पाण्यात उरतात, आणि संथ पाण्यात त्यांवर जलपर्णी माजते. त्यांचा निरास करण्यास निराळी तजवीज लागते.

कालव्यात न वळलेले पाणी नदीने खाली पुणतांब्याच्या घाटाशी आणि त्याहून पुढे जायकवाडीच्या जलाशयात जाते, म्हणून ही केंद्रे अखंड चालणे अगत्याचे आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाचे दप्तर उभे राहिले खरे, परंतु हवा फुंकणारी यंत्रे विजेअभावी दीर्घकाळ थांबली तर हौदातील जीवाणू मरू लागतात, यास्तव इमारतीच्या खर्चाइतकीच वीजबिलाची व देखभालीची तरतूद नगरपालिकांनी दरसाल अंदाजपत्रकात आधी करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.