सारा ईव्जचा माग : बर्मिंगहॅमच्या दप्तरातून एक बाई कशी शोधावी

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कागदपत्रं कमी नव्हती. त्यांत बायका कमी सापडतात. कारण कायद्याचं होतं. लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरून जाई. मिळकत त्याची, करार त्याचे, आणि त्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्रही करता येत नसे. म्हणून तिला शोधताना एक नियम पाळावा: आधी तिच्या आयुष्यातले पुरुष शोधावेत, आणि ते पुरुष जिथे नाहीसे होतात तिथे थांबून बारकाईनं पाहावं.

सारा ईव्जच्या बाबतीत हा नियम कसा लागू पडतो ते पाहू. माहेरची ती रस्टन. लग्नानंतर ईव्ज झाली. नवरा रिचर्ड ईव्ज बायकामुलांना टाकून परागंदा झाला, तेव्हा ती मुलांसह बर्मिंगहॅममधल्या ईझी हिल या घरी राहायला आली. हे घर जॉन बास्करव्हिलचं. जपानी धाटणीच्या लाखकामात पैसा मिळवून पुढे छपाईच्या अक्षरांसाठी जगभर नावाजलेला तो हाच माणूस. ती तिथे घर सांभाळणारी म्हणून आली आणि पुढे त्याची जन्माची जोडीदार झाली.

पहिली पायरी नावांची. रस्टन, ईव्ज आणि बास्करव्हिल ही तिची तिन्ही आडनावं कागदावर मांडावीत आणि प्रत्येकाच्या पुढे संभाव्य स्पेलिंगं लिहावीत. नोंदी पाद्री किंवा त्याचा कारकून कानाला ऐकू येईल तशा लिहीत असे, त्यामुळे रस्टनचं रश्टन व्हायला वेळ लागत नसे.

दुसरी पायरी चर्चच्या नोंदवह्यांची. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम १५३८ सालचा. त्या काळच्या बर्मिंगहॅमसाठी सेंट मार्टिन्स आणि सेंट फिलिप्स या दोन चर्चच्या वह्या आधी चाळाव्यात. तारखांबाबत सावध राहावं, कारण १७५२ पूर्वी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. फेब्रुवारी १७२३ अशी नोंद दिसली तर आजच्या हिशेबानं ते १७२४ साल.

लग्नाच्या नोंदींत १७५४ पासून मोठा फरक पडतो. त्या वर्षी अमलात आलेल्या कायद्यानं वधू, वर आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या बंधनकारक केल्या. लिहिता न येणारी माणसं फुली मारत. म्हणजे त्या एका ओळीत बाईचा स्वतःचा हात दिसतो आणि साक्षीदारांच्या नावांवरून तिचं गणगोतही उमगतं. परवान्यानं लग्न झालं असेल तर परवान्याचे वेगळे कागद असतात. त्यांत वय सापडतं, आणि ती कुमारिका की विधवा हेही.

साराचं बास्करव्हिलशी लग्न जून १७६४ मधलं. ते इतकं उशिरा का, याचं उत्तर दुसऱ्याच नोंदीत आहे: रिचर्ड ईव्ज त्याच्या जेमतेम महिनाभर आधी वारला. त्या काळी पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे आणि तो खर्च सामान्य घराला झेपणारा नव्हता. टाकलेल्या बाईला नवरा जिवंत असेपर्यंत दुसरं लग्न करता येत नसे. दोन तारखा शेजारी ठेवल्या की तिच्या अनेक वर्षांच्या अडकलेपणाचा अर्थ लागतो. म्हणून सनावळीचा तक्ता करावा. सुट्या नोंदी वाचून हे ध्यानात येत नाही.

तिसरी पायरी मृत्युपत्रांची आणि वर्तमानपत्रांची. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. त्यांतल्या सर्वोच्च न्यायालयाची दप्तरं आज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बास्करव्हिल जानेवारी १७७५ मध्ये वारला आणि त्याच क्षणी सारा कागदावर ठसठशीत उमटते. एप्रिलमध्ये 'एरिसेज बर्मिंगहॅम गॅझेट'मध्ये तिच्या नावानं जाहिरात आली: छापखाना ती बंद करणार होती, पण अक्षरं ओतण्याचा व्यवसाय चालवणार होती. १७७९ मध्ये तिच्याकडची अक्षरसामग्री फ्रेंच नाटककार बोमार्शेनं विकत घेतली आणि व्हॉल्तेरचं समग्र वाङ्मय त्या अक्षरांत छापलं. नवरा हयात असताना ती या धंद्यात किती मुरलेली होती, याची साक्ष विधवापणीचे हे कागद देतात. १७८८ मध्ये ती वारली. तिचं घर पुढच्या मालकाच्या ताब्यात असताना १७९१ च्या दंगलीत जळालं.

ईझी हिलच्या परिसरातच आज बर्मिंगहॅमचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे आणि शहराचा अभिलेख विभागही तिथेच. १८३७ नंतरच्या बाईचा शोध असेल तर काम सोपं होतं, कारण त्या वर्षी सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि १८४१ पासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं.

आपल्याकडेही हीच वाट चालते. लग्नात पाळण्यातलं नावही बदलण्याची चाल असल्यानं पणजीची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही पूर्ण नावं आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावीत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत दोन्ही घराण्यांची पानं पाहावीत. मग पणजोबांच्या मृत्यूचं साल काढून तलाठ्याकडच्या गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवहीत आणि फेरफारांत त्या सुमाराची वर्षं तपासावीत. सातबाऱ्यावर जन्मभर न दिसलेली बाई पुष्कळदा तिथेच, मयताची वारस म्हणून, पहिल्यांदा पूर्ण नावानिशी भेटते.